जिभेखालचं मिनिट

१२ फेब्रुवारी

शिंका एक्केचाळीस. नाक किती वेळा शिंकरलं ते मोजता मोजता सोडून दिलं. डोळ्यांना खाज, आतल्या कोपऱ्यात जास्त. झोप चार तास, तीही तोंड उघडं टाकून.

हे असं रोज लिहायचं आहे. डॉक्टर ओमोरींनी काल एक छापील तक्ता दिला होता. मी म्हटलं, तक्ता घरात ठेवता येणार नाही, वडील बघतील. ते म्हणाले, "मग वहीत लिहा. पंचावन्न वर्षांच्या मुलीच्या वहीत वडील कशाला डोकावतील?" म्हणून ही कापडी बांधणीची वही काढली. नागोयाच्या दुकानात तीस वर्षं मी लोकांच्या भेटवस्तू कागदात बांधून दिल्या. दुकान गेल्या शरदात बंद झालं, तेव्हा आम्हा सगळ्यांना एकेक वही मिळाली. त्या वहीत पहिली नोंद शेंबडाची होईल असं कुणाला वाटलं असतं.

मिनोसावाला, बाबांच्या गावी, येऊन दोन महिने झाले. डिसेंबरात बाबा शेवटची पर्सिमन काढताना झाडावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. वय त्र्याऐंशी, चढायचं झाडावर. धाकटा भाऊ कात्सुया सेंदाईहून म्हणाला, "ताई, तुझं तसंही आता काही अडलेलं नाही." खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

परागज्वर हा शब्द या घरात उच्चारायचा नसतो. दरीच्या दोन्ही अंगांना देवदार उभे आहेत. त्यातले निम्मे बाबांच्या टोळीने लावलेले. युद्धानंतर सरकारने सांगितलं, लावा, आणि सोळा वर्षांचे बाबा पाठीवर रोपांची मोळी घेऊन वर गेले. पुढे बावीस वर्षं ते लावणीच्या टोळीचे मुकादम होते. आता फेब्रुवारी आला की या झाडांच्या परागांनी निम्म्या देशाची नाकं वाहतात आणि सगळे या डोंगरांकडे बोट दाखवतात. एकदा टीव्हीवाले आले आणि बाबांच्या तोंडासमोर माइक धरून म्हणाले, लोकांची माफी मागावीशी वाटते का? बाबांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून मिनोसावात ज्याला त्याला फक्त "वसंतातली सर्दी" होते. मुकादमाच्या मुलीला तर दुसरं काही होणं शक्यच नाही. मी मास्क लावते, सर्दी म्हणते, आणि संडासात नळ सोडून नाक शिंकरते.

१६ फेब्रुवारी

दक्षिणेचा वारा. शिंका त्रेसष्ट. सकाळी गाडीच्या काचेवर पिवळी पूड, बोटाने नाव लिहिता येईल इतकी.

बाबा ओसरीवर उभे राहून डोंगराकडे बघत होते. झाडांचे शेंडे तांबूस झाले आहेत. म्हणाले, "यंदा फुलोरा जोरात आहे." माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "हो का?" आणि आत पळाले.

गोळीने झोप येते. दुपारी कोबी चिरता चिरता डोळा लागला आणि बोट थोडक्यात वाचलं.

१९ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. बाबा रोजच्यासारखे डोंगराच्या पायथ्यापर्यंत फिरून आले ते नुसत्या बनियनवर, थंडीने काकडत. "जॅकेट कुठे?" "सरपणाच्या खोपटात राहिलं." "राहिलं म्हणजे?" "विसरलो." मी आणायला निघाले तर म्हणाले, "असू दे तिथेच." आवाज असा चढला की मी दारातूनच परतले. सत्तर वर्षं जो माणूस अवजारं, कपडे, टोपी जागच्या जागी ठेवत आला, तो अंगातलं जॅकेट खोपटात विसरतो.

२५ फेब्रुवारी

जॅकेट पुन्हा खोपटात. पाचवी वेळ. शिवाय आता बाबा दुपारी तीनलाच अंघोळ करतात, तीही डोक्यावरून. न्हाणी संध्याकाळी जेवणाआधी तापायची, हा या घराचा नियम. तो त्यांनीच मोडला.

आणि सकाळी दहाला त्यांनी वाळत घातलेले कपडे ओलेच दोरीवरून काढले आणि बंबाजवळ टांगले. एका हाताला प्लॅस्टर, तरी उशांचे अभ्रेसुद्धा एकेक करून आत नेले. मी म्हटलं, "बाबा, ऊन आहे की चांगलं." "पाऊस येईल," म्हणाले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. हेच बाबा आम्हाला लहानपणी सांगायचे की घरात वाळलेल्या कपड्यांना आजाऱ्याचा वास येतो.

झोप पाच तास. जरा बरी.

४ मार्च

पहाटे उठले तर माजघरात बाबा गुडघ्यांवर. तातामीच्या चटयांवर सगळीकडे वापरलेल्या चहाचा ओला चोथा पसरलेला, आणि ते डाव्या हाताने केरसुणी घेऊन तो हळूहळू गोळा करत होते. माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. एवढा चोथा आणला कुठून कोण जाणे, आम्ही दोघं मिळून दिवसाला एक किटली चहा पितो.

"मी काल पुसलं होतं सगळं," मी म्हटलं.

"हो."

"मग?"

"असू दे."

म्हणजे माझं पुसणं पसंत नाही. आईचं काम त्यांना कधी खुपलं नाही, माझं खुपतं. दुकानात मी बांधलेलं पुडकं तीस वर्षांत एकाने परत आणलं नाही, आणि इथे मला चटई पुसता येत नाही. दिवसभर तोंड फुगवून बसले. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

८ मार्च

आईचा दिवस. अठरा वर्षं झाली.

वारा होता. मी काळे कपडे काढून ठेवले होते. नाश्ता झाल्यावर बघते तर बाबा एकटेच फुलं घेऊन थडग्याकडे गेलेले. मला विचारलंही नाही.

हे लिहू की नको असं करत करत अखेर लिहिते, नाहीतर वही कशाला. आई फेब्रुवारीत अंथरुणाला खिळली आणि पाच आठवड्यांनी गेली. त्या पाच आठवड्यांत बाबांनी मला एक फोन केला नाही. फोन आला तो ती गेल्यावर. मी आले, दोन दिवस राहिले, डोळे सुजून बंद व्हायची वेळ आली. गावातल्या बायका म्हणाल्या, पोर किती रडली. खरं तर मला रडूच आलं नव्हतं. नाकातोंडातून पाणी वाहत असताना माणसाला दुःखाकडे बघायला सवड होत नाही. सातव्या दिवसाच्या आत मी परत गेले, कारण श्वास लागत होता. बाबा काही बोलले नाहीत. त्यानंतर मी मार्चमध्ये कधी आले नाही, आणि त्यांनी कधी बोलावलं नाही. दर ऑक्टोबरात पर्सिमनची पेटी येते, आत चिठ्ठी नसते.

का नाही कळवलंत, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. उत्तर माहीत आहे असं मला वाटतं. जी पोर घर टाकून शहरात गेली, तिला बोलवायचं कशाला?

९ मार्च

तळच्या गावातून दुपारी परतले तर माझ्या खोलीत अंधार. खिडकीच्या सगळ्या फटी बाबांनी जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांनी खळ लावून बंद केल्या आहेत. दाराच्या चौकटीसुद्धा. पट्ट्या एका मापाच्या, कोपरे अगदी काटकोनात दुमडलेले. मी स्वतः इतके नीट दुमडले नसते.

"हे काय केलंत?"

"वारा येतो."

"कुठून? मला तर नाही लागला."

"येतो," म्हणाले आणि उठून गेले.

१० मार्च

आज खरी भीती वाटली. जेवून मी खोलीत आडवं व्हायला गेले तर रॉकेलच्या शेगडीवर किटली खदखदत होती. खोलीत कुणी नाही, दारं लावलेली, भिंतींवर पाणी ठिबकतंय. मी दहा मिनिटं उशिरा गेले असते तर? आणि खिडक्या कागदाने बंद. मी किटली उतरवून विचारलं तर म्हणाले, "ठेव तिथेच, पाणी आहे तिच्यात अजून." जणू मीच वेडी.

कात्सुयाला फोन केला. जॅकेट, अंघोळ, चोथा, पट्ट्या, किटली, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हे सरळ डोक्याचं आहे. उद्या घर पेटवतील. म्हाताऱ्यांची स्मृती तपासणारे सरकारी लोक असतात, त्यांना बोलाव."

मी बोलावलं.

ओल्या खोलीत दोन तास सलग झोप लागली. थकव्याने असेल.

१५ मार्च

तपासणीला शिरातोरी नावाच्या बाई आल्या. गोड बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर. बाबांनी स्वच्छ सदरा घातला होता.

आज तारीख काय? बरोबर सांगितली. आपण कुठे आहोत? "माझ्या घरात. तुम्ही पाहुण्या." बाई हसल्या. त्यांनी तीन शब्द दिले, पूल, मीठ, कोल्हा, आणि म्हणाल्या, थोड्या वेळाने विचारीन. मग शंभरातून सात सात वजा करायला लावले. बाबा बहात्तरपर्यंत झपाझप आले. तिथे माझ्याकडे एकदा बघितलं आणि थांबले. "पुढचं येत नाही."

"जॅकेट खोपटात का ठेवता, इवाओ-सान?"

"विसरतो."

"आणि चहाचा चोथा?"

"सवय."

"कसली सवय?"

बाबांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

"मुलीच्या खोलीत किटली ठेवली होतीत. कशासाठी, आठवतं?"

पुन्हा माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी दोन शिंका आल्या, मी तोंड फिरवलं. "म्हातारपण," बाबा म्हणाले. "दुसरं काय?"

तीन शब्द विचारले तर मान हलवली. एकही आठवत नाही म्हणाले. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला लिहू, थोडं हलकंही वाटलं.

बाई गेल्यावर बाबा कप विसळायला उठले. पाठमोरेच होते. कपात पाणी फिरवत हळूच म्हणाले, "पूल, मीठ, कोल्हा." अशा माणसांना मध्येच एखादी गोष्ट लख्ख आठवते म्हणतात.

१७ मार्च

तळच्या गावातल्या वृद्धाश्रमात एक एप्रिलपासून जागा आहे. मी घाबरत घाबरत सांगितलं. वाटलं होतं ताट भिरकावतील. बाबा म्हणाले, "बरं."

मग भात संपवून एवढंच विचारलं, "मग तू परत जाशील ना? लगेच?"

इतकी घाई झाली आहे मला घालवायची. मी म्हटलं, "जाईन."

"एक तारखेलाच?"

"हो, बाबा."

"बरं," म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

शिंका अठ्ठावन्न.

२१ मार्च

हे नीट लिहायला हवं.

हिगानचा आठवडा आहे, पितरांची थडगी धुवायचा. बाबांना सांगितलं नाही, त्यांचा डोळा लागला होता. बादली आणि गोड भाताचे लाडू घेऊन मी एकटीच वर गेले. वाटलं, घर बंद करायच्या आधी आईला निदान सांगावं. दगडावर पाणी ओतलं आणि सुरू झालं. अकरा शिंका, मी मोजल्या. मागून कुणीतरी हसलं.

शेजारच्या किनुकाकू. वय अठ्ठ्याहत्तर, बाबांच्या टोळीत लावणीला असायच्या, पाठीला कोयत्याचा आकार आला आहे असं स्वतःच म्हणतात.

"अगदी फुमिएसारखी गं," त्या म्हणाल्या. "पहिल्या तीन बारीक, मग एक दणदणीत. मला वाटलं तीच उठून बसली."

"सर्दी झालीय, काकू."

"हो तर. तिलाही होती. फेब्रुवारीत यायची आणि मेमध्ये जायची, दरसाल, मरेपर्यंत." त्यांनी आईच्या दगडासमोर लाडू ठेवला. "मुकादमाची बायको ती. तिला दुसरं काही होईल कसं? माझी नणंद, तो दुकानवाला, लावणीच्या निम्म्या बाया, सगळ्यांना सर्दीच. आम्ही कधी एकमेकींना विचारलं नाही."

आईला? फोनवर दर वसंतात तिचा आवाज बसलेला असायचा, हे मला माहीत होतं. मी म्हणायचे, आई, काळजी घे. ती म्हणायची, तूसुद्धा.

"आणि इवाओ काय, लागला असेल ना पुन्हा कामाला?" काकू म्हणाल्या. "चोथा पसरून झाडतो की नाही?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"अगं, माझ्याकडूनच तर नेतो. रोज पहाटे डबा घेऊन उभा. तुमच्या दोघांच्या चहात एवढा चोथा निघायचा कुठून? ओल्या चोथ्याला ती पिवळी पूड चिकटते, उडत नाही. तू शहरात गेल्यावर फुमिएसाठी वीस वर्षं केलंन त्याने. डोंगरावरून आला की अंगातले कपडे खोपटात, तडक न्हाणीत, डोकं धुतल्याशिवाय घरात पाऊल नाही. तिची गादी बंबापाशी वाळवायचा. खिडक्यांना कागद चिकटवायचा आणि तिच्या उशाशी किटली ठेवायचा, वाफेने नाक मोकळं होतं म्हणून. टोळीतले बाप्ये हसायचे त्याला. आम्ही बाया नाही हसलो." मग माझ्याकडे बघून त्या थांबल्या. "काय झालं, पोरी?"

मी बादली तिथेच टाकून खाली आले.

आधी खोपटात गेले. तीन महिने मी त्या खोपटात पाऊल टाकलं नव्हतं. जॅकेट खिळ्याला टांगलेलं होतं, बटणं लावलेली, घडी मोडू नये तसं. शेजारी कपडे झाडायचा ब्रश. खाली कोरी बनियनं, दगडाखाली दाबून ठेवलेली. विसरलेला माणूस असं ठेवतो का? मी ज्या गोष्टी पाठ म्हटल्यासारख्या कात्सुयाला सांगितल्या होत्या, त्यातली एकेक तिथे नीट टांगून ठेवलेली होती.

बाबा जागे होऊन शेगडीजवळ बसले होते. मी समोर बसले, मास्क काढला आणि नाक शिंकरलं. नळ न सोडता, मोठ्याने, जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर.

"बाबा, मला परागज्वर आहे."

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सर्दी म्हणालीस."

"आणि त्या बाईंना? त्यांना का नाही सांगितलंत की हे सगळं कशासाठी करता?"

"परक्या बाईपुढे तुझं दुखणं काढू?" त्यांनी रॉकेलची वात खाली केली, पुन्हा वर केली. "आणि म्हटलं, मी तिकडे गेलो की तू सुटशील. नागोयात निदान दाराबाहेर झाड नाही. इथे तुला रात्रभर श्वास घेताना ऐकतो मी."

मी रडले. नाक आधीच भरलेलं होतं, त्यामुळे बाबांना फार काही वेगळं दिसलं नसेल. त्यांनी कपाटातून टिश्यूची दोन नवी खोकी काढून माझ्यापुढे ठेवली. किनुकाकूंकडूनच आणली होती, आठवड्यापूर्वी. द्यायची कशी, हे त्यांना कळत नव्हतं.

२३ मार्च

वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलं. कात्सुया म्हणाला, "ताई, तुझं पण डोकं फिरलं का?" मी त्याला चोथ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "आईला?"

शिंका सत्तेचाळीस. आता मोजताना लपवत नाही. बाबा शेजारच्या खोलीतून म्हणतात, "अठ्ठेचाळीस."

१२ जून

पराग संपले. डॉक्टर ओमोरी म्हणाले, आता उपचार सुरू करायला योग्य वेळ. गोळी त्याच परागांची, चिमटीत धरताही येऊ नये इतकी थोडी. रोज एक. शरीराला रोज थोडी ओळख करून द्यायची, म्हणजे वसंतात ते परक्यासारखं अंगावर धावून जात नाही. तीन वर्षं, एकही दिवस न चुकवता. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

"जिभेखाली एक मिनिट धरायची. गिळायचं नाही, बोलायचं नाही."

पहिली गोळी तिथेच दिली आणि अर्धा तास बसवून ठेवलं. बाबा सोबत आले होते. पूर्ण अर्धा तास ते माशांच्या पेटीकडे बघत बसले, पण मी खोकले की मान वळायची.

१३ जून

सकाळी गोळी काढली तर बाबा मुकादमाचं खिशातलं घड्याळ घेऊन समोर येऊन बसले. याच घड्याळावर टोळीची चहाची सुट्टी मोजली जायची. "ठेव," म्हणाले. मी ठेवली.

काटा अर्ध्यावर आला असेल. बाबा घड्याळाकडे बघतच म्हणाले, "तुझी आई लावणीला पहिल्यांदा आली तेव्हा तिला कोयता धरता येत नव्हता. उलटा धरायची."

मी भुवया उंचावल्या. बोलता येत नव्हतं.

"गिळ," म्हणाले, आणि घड्याळ खिशात टाकून बाहेर गेले.

२० जून

रोज एक वाक्य, फार तर दोन. मिनिटाच्या आतच. इतर वेळी विचारलं तर "असू दे." मी उलट काही विचारू शकत नाही, म्हणून जमत असावं. मी आता गोळी ठेवायची वेळ चुकवत नाही. डॉक्टरांना वाटतं मी शिस्तीची आहे.

९ ऑगस्ट

गेल्या आठवड्यातली मिनिटं लिहून ठेवते, विसरायला नकोत.

सोमवार: आईला पहिली शिंक चाळिसाव्या वर्षी आली, वरच्या कड्यावर. ती हसली होती.

मंगळवार: ती म्हणाली, मुकादमाच्या बायकोला हे झालेलं कळलं तर माणसं काय म्हणतील, कुणाला सांगायचं नाही.

बुधवारी काही नाही. नुसतं घड्याळ.

गुरुवार: "ती नाही म्हणाली तसं. मी म्हणालो होतो."

शुक्रवारी मी गोळी ठेवल्यावर त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. त्या दिवशीही काही बोलले नाहीत.

१८ जानेवारी

बरेच महिने वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि ते बरंच आहे.

वनसंस्थेची माणसं या आठवड्यात देवदाराच्या फुलोऱ्याच्या डहाळ्या तोडून आणत आहेत, उमलायच्या आत. वाळवून पराग काढायचे आणि औषध करणाऱ्यांना पाठवायचे. तोडणी वरच्या कड्यावर आहे, बाबांनी लावलेल्या रानात. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते दोन दिवस सभागृहात बसून डहाळ्या निवडायला गेले. मला दाराशीही येऊ दिलं नाही. संध्याकाळी खोपटात कपडे, दोनदा अंघोळ. मिशीसुद्धा साबणाने धुतली.

जेवताना, मिनिट नसताना, आपणहून बोलले. "आजवर या झाडांबद्दल जो आला तो तक्रार घेऊन आला. औषधासाठी कुणी मागितली नव्हती." मी त्यांच्या ताटात मासा वाढला.

२६ फेब्रुवारी

दक्षिणेचा वारा, गाडीवर पिवळी पूड. शिंका नऊ.

नऊ. पुढे मोजायला काही उरलंच नव्हतं. डोळे खाजतात, नाक दुपारनंतर भरतं, साध्या गोळीची गरज अजून लागते. पण झोप साडेसहा तास, तोंड मिटून. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच वर्षी एवढा फरक म्हणजे नशीब. बाबा पहाटे चोथा झाडतातच. मी "राहू द्या आता" म्हणत नाही. केरसुणी मी धरते, डबा ते.

८ मार्च

आईचा दिवस. एकोणीस वर्षं. मी काळे कपडे घातले, बाबांनीही. फुलं बादलीत होती. निघण्याआधी गोळी.

बाबा घड्याळ घेऊन बसले. मी गोळी जिभेखाली ठेवली. काटा दहा-पंधरा सेकंद फिरू दिला त्यांनी.

"फेब्रुवारीत ती पडली, त्याच दिवशी मी तुला फोन करायला उठलो होतो," ते म्हणाले. "आकडे फिरवायला लागलो तर तिने माझी बाही धरली. म्हणाली, सायोकोला आत्ता बोलावू नका. तिचं नाक माझ्यावर गेलंय, मी आवाजावरून ओळखते. इथे तिला श्वास घेता येणार नाही. तिला म्हणावं, ऑक्टोबरात ये, पर्सिमन पिकल्यावर."

मी गोळी जिभेने दाबून धरली.

"मी म्हटलं, फुमिए, तू ऑक्टोबरपर्यंत..." त्यांनी घड्याळ मुठीत घेतलं. "ती म्हणाली, माहीत आहे. म्हणाली, पोर तुमच्यावर ओरडेल. ओरडू द्या, पण मी सांगितलं असं सांगू नका, नाहीतर ती स्वतःवर ओरडेल. मग तू आलीस. मी वाट बघत होतो तू कधी ओरडतेस त्याची. तू ओरडलीच नाहीस. दर ऑक्टोबरात पेटी भरताना वाटायचं, आता फोन येईल आणि ओरडेल."

घड्याळ त्यांच्या मुठीत होतं, पण ते त्याकडे बघत नव्हते. बाहेर वारा सुटला होता. वरच्या कड्यावरून पिवळा धूर उठून दरीत उतरत होता आणि बाबा आईबद्दल बोलत होते, तिने त्या पाच आठवड्यांत काय काय खाल्लं, काय मागितलं, कोणत्या दिवशी हसली. मिनिट कधीच होऊन गेलं होतं. मी गिळलं नाही.